आबांचा डावा पाय

हिंदी मुलखातल्या आमच्या चौबे कॉलोनीतलं कोणीही माझ्यासमोर दोन वाक्यं बोललं की ती माझ्या खिशात. मंडळाचे भार्गव काका माईकवर "आवाज येऊन राहिला का?" असं तीनदा विचारतात आणि आवाज यायला लागला की काय बोलायचं तेच विसरतात. भाजीवाली दीदी कशालाही "हव", म्हणजे हो, म्हणते आणि भाव तोच ठेवते. माझी आई अर्चना नागपूरला फोन लावते तेव्हा "काहून वं?" म्हणते, ऑफिसातल्यांशी मधात बुडवलेली हिंदी बोलते आणि मला रागवायचं असलं की एकदम पाठ्यपुस्तकातलं मराठी काढते. या तिन्ही अर्चना मी एका दमात करते.

गेल्या दिवाळीत नागपूरची मंडळी आली होती. जेवणं झाली, सगळे हॉलमध्ये पसरले आणि कोणीतरी म्हणालं, इरावती, आता आबांचं कर.

आबा म्हणजे माझे आजोबा, शालिग्राम. वीज ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांचं बोलणं उचलावं तर ते बोलतच नाहीत. पण चाल! उजवा पाय नीट पडतो, टप्प. डाव्याची टाच आधी जमिनीवर घासते, मग पाऊल पडतं, घस्स-टप्प. आणि दर पाच-सहा पावलांनी ते जरा थांबतात, मागून कोणी येत असल्यासारखे. त्या पायाचा गुडघा आता पार गेलाय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, अंकल, चाल एकदम सीधी हो जाएगी. आबा वर्षभर "पुढच्या महिन्यात" म्हणून राहिले होते. आईनं समजावलं, बाबांनी आवाज चढवला, आबा ढिम्म. ऑपरेशनला काहून नाही म्हणतात, हे घरात कोणालाच कळत नव्हतं.

तर मी बाबांचे कातडी बूट चढवले आणि दारापासून डायनिंग टेबलापर्यंत निघाले. टप्प. घस्स-टप्प. थांबले. टप्प. मावशीला हसून ठसका लागला.

आबा आतल्या खोलीत पडले होते. ते पडदा धरून दारात आले आणि म्हणाले, "कोण आलं?"

त्यांनी आधी बूट पाहिले. मग नजर हळूहळू वर आणली, वर कोणाचा चेहरा निघेल याची खात्री नसल्यासारखी. मी दिसल्यावर "तू होय" म्हणाले आणि आत गेले. आईनं पाठ्यपुस्तकातलं मराठी काढलं.

संध्याकाळी मी सॉरी म्हणायला गेले. आबा म्हणाले, सॉरी कशाची, हुबेहूब केलंस. मग स्वतःच्या पायांकडे पाहत म्हणाले, "पण ती माझी चाल नाही. शिशिरची आहे."

त्या दिवशी आबा जितकं बोलले तितकं मी त्यांना वर्षभरात बोलताना ऐकलं नव्हतं.

आबांचे वडील इथल्याच तात्यापारा वस्तीत भटजी होते. तेराव्याला मेलेल्याच्या नावानं छत्री आणि जोडे दान देतात, पुढच्या वाटेवर त्याच्या पायाला काटे बोचू नयेत म्हणून. ते भटजींच्या घरी येत. त्यामुळे घराच्या कोपऱ्यात जोड्यांची रास, आणि घरातली दोन पोरं, शालिग्राम आणि त्याची मोठी बहीण गोदू, अनवाणी. कारण मरणारी माणसं मोठी असत, जोडे मोठ्या पायांचे असत. ते दुकानात परत जायचे आणि त्या बदल्यात तांदूळ यायचे. मे महिन्यात शाळेचा निकाल आणायला आबा सावली शोधत, एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली पळत जात. मारुतीच्या देवळात ते रोज मागत, माझ्या मापाचे येऊ दे. आपण काय मागून राहिलो हे दहा वर्षांच्या पोट्ट्याला कळलं नाही.

पावसाळ्यात आले. रेल्वेतल्या गार्डसाहेबांचा मुलगा शिशिर तापानं गेला. अकरा वर्षांचा, मुंज झालेला, म्हणून सगळे विधी झाले. दानात नवे जोडे द्यायचे असतात, पण त्याच्या आईनं, कुसुम काकीनं, ऐकलं नाही. नवे त्याला टोचतील म्हणाली आणि त्याचेच काळे, नाडीचे बूट दिले.

आबांना ते घालायचे नव्हते. शिशिरला त्यांनी शाळेत पाहिलं होतं. मग वडिलांनी जवळ बसवून समजावलं, दान कोपऱ्यात ठेवलं तर पोचत नाही, वापरलं तर पोचतं. म्हणाले, "तू जितका चालशील, तितका तो चालेल."

आबांनी बूट घातले. थोडे सैल होते. डावी टाच बाहेरून झिजलेली होती, त्यामुळे तो पाय आपोआप जरा घसरायचा.

आठ दिवसांनी आबा काकीच्या घरावरून जात असताना ती कणकेचे हात घेऊन धावत बाहेर आली. आबांना वाटलं, परत मागते. तिनं त्यांना व्हरांड्यात घेतलं, स्वतः उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, चालून दाखव. तिनं डोळे मिटले होते.

आबा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. असा नाही, ती म्हणाली, डावा आणखी घासून आण. मग म्हणाली, आता थांब. शिशिरच्या मागे एक म्हातारं कुत्रं यायचं, त्याच्यासाठी तो थांबायचा. चालून झालं की गरम पोळी आणि गूळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गार्डसाहेब गाडीवर असायचे, घरात तिसरं कोणी नसायचं. महिनाभर ती चुका काढत राहिली. मग एक दिवस तिनं काहीच सांगितलं नाही, नुसती ऐकत बसली. त्याच दिवशी घरी गोदूनं विचारलं, शालू, तू अनवाणी असून असा काहून चालून राहिला?

वर्षभरात आबांचे पाय वाढले. त्यांनी बोटं आत मुडपून बूट घातले. शेवटी मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा काकीनं रिक्षा केली आणि त्यांना मालवीय रोडवर जोड्यांच्या दुकानात नेलं.

आयुष्यातले पहिले नवे बूट. आबा सांगत होते, कातड्याचा वास असा होता की खावंसं वाटलं. दुकानात जमिनीलगत तिरपा आरसा होता, त्यात फक्त पाय दिसत. दुकानदार म्हणाला, चलके दिखाओ, बेटा. आबांनी ठरवलं, हे माझे आहेत, यांच्यात मी माझं चालणार. उभे राहिले. आणि त्यांना आठवेना. आपण आधी कसे चालायचो, कोणता पाय कसा टाकायचो, काहीच नाही. आरशात काळे बूट उभे होते आणि त्यांच्यावर कोणी नव्हतं.

दुकानदारानं सहज नाव विचारलं. काकी म्हणाली, शिशिर.

"मी शालिग्राम, काकी. भटजींचा."

"माहीत आहे रे मले," काकी म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "तू चाल."

वेडी असती तर भीती वाटली नसती, असं आबा मला म्हणाले. त्यांनी नवे बूट काढले, जुने बाकाखाली तसेच सोडले आणि दुकानातून पळत सुटले. डांबर तापलं होतं, पण पाय मोकळे होते. उड्या मारल्या, उलटं चालून पाहिलं. तात्यापारा जवळ आला तेव्हा वडिलांचं वाक्य आठवलं. बूट बाकाखाली आहेत, म्हणजे शिशिरही कुठेतरी वाटेत उभा राहिला असेल. मधेच. अनवाणी. माझ्यामुळे.

आबांनी मागे वळून पाहिलं. मग डावी टाच डांबरावर घासली आणि पुढे निघाले.

काकीनं पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढे गार्डसाहेबांची बदली झाली. "पण मी त्याले थांबू नाही दिला," आबा म्हणाले. "पंचावन्न वर्षं झाली. ऑपरेशन झालं की पाय सरळ पडेल म्हणतात."

माझ्याकडे भार्गव काकांच्या आवाजातला एक विनोद तयार होता. तो मी खिशातच राहू दिला.

आबा म्हणाले, दुपारी तुझा डावा जरा लवकर पडला. ते बूट घाल.

मी घातले. आबांनी डोळे मिटले. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. घासून आण, ते म्हणाले. आता थांब. येऊ दे त्याले. तिसऱ्या फेरीत त्यांनी एकच चूक काढली. चौथ्या फेरीत काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला सांगितलं, डॉक्टरची तारीख घे. आई आनंदानं हिंदी, वऱ्हाडी सगळं एकत्र बोलायला लागली. तू काय जादू केलीस, असं मला दहादा विचारलं.

ऑपरेशन छान झालं. आबा आता कोणाच्याही आजोबांसारखे सरळ चालतात आणि मी क्लासला निघाले की गॅलरीत उभे राहतात.

काल क्लासमधली मंजिरी माझ्यासोबत होती. कोपऱ्यावर तिनं विचारलं, यार, तेरे पैर को क्या हुआ है? मी म्हटलं, मोच आहे, मुरगळलाय. ती बरं म्हणून पुढे गेली. मी मागून कोणी येईपर्यंत थांबले आणि मग निघाले.