धवल्यांची डिस्क

आमच्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की मी न बोलावता पोचतो आणि न विचारता सांगतो, "विंडोज काढा, लिनक्स टाका." हल्ली लोक मला लिफ्टपाशी पाहून जिन्याने जातात. बाहेरची हार्ड डिस्क काढण्याआधी अनमाउंट करा, म्हणजे कॉम्प्युटरला सांगून रीतसर सोडवा, हे प्रवचन तर मी अर्ध्या भाईंदरला झोडलंय. स्क्रीनवरची कॉपीची पट्टी भरली म्हणजे फाइल डिस्कवर गेली असं नसतं बाबांनो! लिनक्स माल आधी स्वतःकडे धरून ठेवतं, मग सवडीने डिस्कवर उतरवतं.

माझी सासू जवळच्या मुर्धा गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, यापुढे गाणं विसरा. म्हणून बायकोने आठवडाभर तिच्यापुढे बसून एकेक धवला फोनमध्ये रेकॉर्ड केला. फोन गच्च भरला. मी म्हटलं, "दे इकडे."

डेस्कटॉपला फोन जोडला, डिस्क जोडली. पट्टी चुटकीसरशी भरली. "बघ, याला म्हणतात लिनक्स!"

"अहो, डिस्कचा दिवा लुकलुकतोय अजून."

"तो लुकलुकतोच. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी वायर उपटली. वर शहाणपणा करून फोनमधलं सगळं रेकॉर्डिंगही साफ पुसलं. त्या दिवशी घरात बोंबील तळत होते, मला घाई होती.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी मेव्हण्याच्या मुलीची हळद. त्याच्या घरी विंडोज, त्याला मी हात लावत नाही. म्हणून अख्खा डेस्कटॉप रिक्षात घालून मुर्ध्याला नेला. मांडवात स्पीकर लावले. बायका दाटीने बसल्या, मधोमध सासू. डिस्क उघडली. चोवीस फाइली, बायकोने नावं दिलेल्या: तेलाचा, हळदीचा, मांडवाचा. प्रत्येकीचा आकार शून्य. मी वायर काढली, लावली, फुंकर मारली. शून्य ते शून्यच.

"भावोजी, ते अनमाउंट का काय, केलेलं ना?" मेव्हण्याने विचारलं. मेल्याला माझं प्रवचन तोंडपाठ!

बायको माझ्याकडे बघेना. मला भर मांडवात रडू फुटलं. सासूने खुणेने जवळ बोलावलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि नुसत्या श्वासाने म्हणाली,

"रडू नका, जावयबापू. तुमचा डबा न माजा गला आता येकच. नाव हाय, आवाज न्हाय."