आमच्याकडची कढी

ईशा, नील, कुमुदआजी गेल्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ईशाने कॅनडाहून एक फोटो पाठवला. पातेल्यात पिवळीधमक कढी, शेजारी ताटलीत फुणके. खाली लिहिलं होतं, 'आजीची आठवण म्हणून केली. तिचा टीव्हीवरचा कार्यक्रम लावून, अगदी तसाच गूळ घालून. आपल्याकडची बरोबर जमली ना?' घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊजी, म्हणजे तुमचे काकाआजोबा, भिंतीला टेकून नुसते बसून होते... मी फोन उलटा ठेवला. आता काही आठवडे झाले, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. कारण आपल्याकडे कढीत गूळ घालत नाहीत. कधीच घालत नव्हते.

कुमुद माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर मूळचं साताऱ्याकडचं, पण वडील इकडच्या कागद कारखान्यात नोकरीला, म्हणून ती वाढली कारखान्याच्या कॉलनीत, आणि लग्न होऊन सिंधीपुऱ्यात आमच्या घरी आली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक तिचा, संध्याकाळचा माझा. मला सगळं जागच्या जागी लागतं. डब्यांवर नावं चिकटवलेली, डावीकडे डाळी, उजवीकडे पिठं. ती 'हळद' लिहिलेल्या डब्यात धणेपूड भरून मोकळी व्हायची आणि वर म्हणायची, "ताई, नाव काय वाचता? झाकण उघडा, वास घ्या ना." फुणके मात्र आम्ही दोघी सासूबाईंकडून एकदमच शिकलो. भिजवलेली तूरडाळ जाडसर वाटायची, मिरची, लसूण, कांद्याची पात घालून मुटके वळायचे, वाफवायचे, आणि पानात कुस्करून वर गरम कढी घ्यायची. ती कढी आंबट, तिखट, लसणीची. सासरे पहिल्या घासाला नाक ओढायचे, तेव्हा जमली असं समजायचं. कुमुदने ती जन्मभर तशीच केली, आणि मी तशीच खाल्ली.

मग एका मराठी वाहिनीने महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतले पदार्थ दाखवायचं ठरवलं आणि कोणाच्या तरी ओळखीने कुमुदचं नाव गेलं. मला फार बरं वाटलं. तुम्ही मुलं लांब गेलेली, निदान तुमच्यासाठी घरातलं काहीतरी नीट राहील. भाऊजींबरोबर ती मुंबईला जाऊन आली. कार्यक्रम लागला त्या दुपारी शेजारच्या शांताभाभीसुद्धा आमच्या बैठकीत येऊन बसल्या होत्या. पडद्यावर कुमुद हिरव्या साडीत. निवेदिकेने विचारलं, "काकू, हे खास तुमच्या घरचं का?" कुमुद म्हणाली, "हो, आता यात गूळ. आमच्याकडे अशीच करतात."

शांताभाभी माझ्याकडे वळल्या. "दीदी, आपके यहाँ कढ़ी में गुड़?"

मी शेजारी बसलेल्या कुमुदकडे पाहिलं. ती पदराने चष्मा पुसत होती. "टीव्हीवर चालतं तेवढं," म्हणाली.

"म्हणजे आता शुगरची बिमारी पण आपल्याकडचीच," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला उद्या लसणाचीच मिळेल. घाबरू नका."

सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी खरोखरच लसणाची मिळाली.

लग्न झालेल्या बाईच्या 'आमच्याकडे' या शब्दात दोन घरं असतात. कोणतं ते समोरच्याने ओळखायचं. मी मनाशी धरून चालले होते की ते तिचं माहेर असणार. तेराव्याला तिची बहीण विमल आली, तेव्हा तिला विचारलं. ती गोंधळली. "आमच्याकडे? छे हो. आईच्या कढीत गूळ पडला असता तर बाबा पानावरून उठले असते. मला वाटलं, तुमच्याकडची रीत. मी तर तेव्हापासून घालते, कुमुदच्या सासरची म्हणून."

भाऊजींना विचारलं. "मला मुंबईत बाहेरच बसवलं होतं, वहिनी. चाय पाजली, बिस्किट दिलं. आत काय झालं मला काय मालूम." मग म्हणाले, "मला कधी करून दिली नाही तशी."

सासरची नाही, माहेरची नाही, मग हे 'आमच्याकडे' होतं तरी कुठे? टीव्हीवाल्यांनी सुचवलं असेल का? की कॉलनीत शेजारी कोणाकडे लहानपणी खाल्लेली असेल? की तिला इतकी वर्षं तशीच हवी होती आणि त्या परक्या स्वयंपाकघरात, नाक ओढून दाखवणारं कोणी समोर नसताना... पण मग मला का नाही बोलली? रोज एकाच ओट्यावर रांधायचो आम्ही. मी एक ठरवते, आणि भांडी विसळेपर्यंत दुसरंच खरं वाटू लागतं. ईशाला 'चुकलीस' असं लिहावं, तर कुमुदने एकदाच सगळ्यांदेखत केलेली गोष्ट खोटी ठरते. 'बरोबर' लिहावं, तर सासूबाईंची कढी इथेच संपली, कारण तुम्ही यापुढे टीव्हीतलीच करणार.

तेव्हा ईशा, दोन्ही कर. लसणाची कशी करायची ते मी वेगळं लिहून पाठवते, ती आपल्याकडची. गुळाची कोणी विचारली तर 'कुमुदकडची' असं सांग. याहून नेमकं उत्तर माझ्यापाशी नाही. आणि तू गूळ किती घातलास, ते तूच मला कळव. काल मी कढी उकळायला ठेवली, तो कार्यक्रम फोनवर लावला आणि गुळाचा खडा हातात घेऊन उभी राहिले. निवेदिका विचारते, "काकू, गूळ किती?" कुमुद म्हणते, "एवढासा," आणि हात वर करते. नेमका तेव्हाच कॅमेरा निवेदिकेच्या हसऱ्या चेहऱ्यावर जातो. मी मागे नेऊन, थांबवून, पुन्हा पुन्हा पाहिलं. कॅमेरा परत कुमुदवर येतो तोवर गूळ विरघळलेला असतो, आणि ती शांतपणे ढवळत असते.