निळ्या कोटातली माणसं

पलूसच्या एस.टी. स्टँडसमोर ब्राह्मी मगदूमचं फ्लेक्सचं दुकान आहे. बारसं, वाढदिवस, निवडून आलेल्याचं अभिनंदन, दहाव्याची श्रद्धांजली, सगळे बोर्ड तिच्या कॉम्प्युटरवर जुळतात आणि छापायला सांगलीला जातात. नवरा सम्मेद द्राक्षबागेत असतो. दुकान तिचं एकटीचं. बोलणं कमी. गिऱ्हाईक रडत आलं तरी ती खुर्ची पुढं सरकवते, पाणी देते आणि विचारते, "फोटो आणलाय का?"

फोटो बहुतेकदा आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला. अंगात बंडी, नाहीतर बटण तुटलेला सदरा. घरच्यांचं मागणं एकच असतं, जरा बरं दिसू दे. मग ब्राह्मी त्या चेहऱ्याखाली निळा कोट लावते. कोट तिच्या भावाचा, अरिहंतचा. त्याच्या लग्नातल्या फोटोतून तो तिनं वेगळा काढून ठेवलाय. अरिहंत एकदा चौकातला बोर्ड बघून म्हणाला होता, "अक्का, अख्ख्या तालुक्याच्या दहाव्याला मीच हुबा हाय की." ती हसली, पण कोट काही बदलला नाही. कुणाच्याही मानेखाली नीट बसत होता, एवढं तिला पुरे होतं.

मागच्या थंडीत वीरधवल नावाचा तरुण चित्रकार दुकानात आला. राहायला पुण्यात, आजोळ औंधला. आजोळी आला की मोटारसायकलवर गावोगावचे बोर्ड टिपत फिरायचा. मोबाइल पुढं धरून म्हणाला, "ताई, हा कोट तुमचा का?"

"व्हय. काय चुकलंय का?"

"चुकलं नाही. पण विट्यापासून कराडपर्यंत हाच कोट आहे. मला याचं चित्र करायचंय. तुमचं नावही येईल त्यात."

"करा. पण घरच्यांना विचारा त्या त्या."

"विचारतो की," तो म्हणाला, आणि बहुतेकांना त्यानं विचारलंही.

मग पाचगणीच्या चित्र-महोत्सवात वीरधवलचं ते चित्र लागलं आणि त्यानं ब्राह्मीलाही बोलावलं. तिथली चित्रं कागदावर नसतातच, कॉम्प्युटरवरच असतात, आणि कुणी काढलं, कुणाकडं गेलं याची नोंद जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर एकदम होते. एका ठिकाणची खोडली तरी बाकीच्या ठिकाणी राहतेच. यालाच ब्लॉकचेन म्हणतात, असं वीरधवलनं फोनवर सांगितलं. ब्राह्मीनं ऐकून घेतलं. दुकानाला कुलूप लावायला तिला जिवावर आलं होतं, पण सम्मेद म्हणाला, "जाऊन तर ये. बोर्ड काय पळून जात्यात?"

हॉटेलातला मोठा हॉल काळ्या पडद्यांनी अंधारा केलेला. एका भिंतीवर ढग फिरत होते, दुसरीवर कुणाचा तरी हात सारखा उघडत मिटत होता. माणसं हातात कॉफी घेऊन हळू आवाजात इंग्रजी बोलत होती. ब्राह्मीला ते परकं वाटलं नाही की आपलंही वाटलं नाही. पिशवी पोटाशी धरून ती पुढं पुढं जात राहिली.

शेवटच्या भिंतीवर तिचा कोट होता, दोन पुरुष उंचीचा. कोट जागचा हलत नव्हता, वरचे चेहरे तेवढे बदलत होते. एक विरायचा, दुसरा उमटायचा आणि खाली नाव यायचं. स्वर्गीय अमुक, स्वर्गीय तमुक. पुढं उभी असलेली एक बाई आधी हसली. चार-पाच चेहरे गेल्यावर हसायची थांबली.

ब्राह्मीला सगळे ओळखू येत होते. कुणाच्या कपाळावरचा डाग तिनं पुसला होता, कुणाच्या डोळ्यांतली लाली काढली होती. एवढे चेहरे आपल्या हाताखालून गेलेत, हे तिला पहिल्यांदाच एकत्र दिसलं. वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. नुसती बघत राहिली.

आणि मग भिंतीवर आलं, स्वर्गीय तात्याबा.

तिनं वीरधवलची बाही ओढली. "आवं, हे कुठनं आणलं?"

"कडेगावच्या रस्त्याला, एका गोठ्यावर हा फ्लेक्स अंथरलेला होता. वरची ओळ फाटलेली. का?"

"ते जिवंत हायत. फाटलेली ओळ वाढदिवसाची होती."

तात्याबा शेजारच्या गावचे, पलटणीतून निवृत्त झालेले. पुतण्यानं, जयराजनं, त्यांच्या पंच्याहत्तरीला बोर्ड केला तेव्हा ते स्वतः दुकानात येऊन बसले होते. "आमच्या जोतिबाला दहाव्याच्या बोर्डात घातलावता त्योच कोट घाल मला," म्हणाले. तो मेलेल्यांना घालतात, हे ब्राह्मीनं सांगून पाहिलं. "म्हंजे मेल्यावरच चांगलं दिसायचं व्हय?" त्यांनी विचारलं. मग तिनं घातला.

वीरधवलनं मोबाइल काढून पाहिलं. चित्राची नोंद झाली होती, चित्र परदेशातल्या एकानं विकतही घेतलं होतं. "भिंतीवरून काढता येईल," तो म्हणाला, "पण नोंदीत ते स्वर्गीयच राहणार. ते पुसताच येत नाही."

"मग त्यांना सांगाय पायजे," ब्राह्मी म्हणाली. बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं लगेच फोन लावला.

"तात्या, हितं तुमचा फोटो मेलेल्या माणसांत लागलाय. चुकून."

पलीकडं वाजणारा रेडिओ बंद झाला. मग तात्याबा म्हणाले, "कोट त्योच हाय का?"

"त्योच."

"मोठा हाय का फोटो?"

"लय मोठा. भिंतभर."

"मग येतो की बघाय."

दुसऱ्या दिवशी एस.टी. बदलत बदलत ते पोचले. धोतर, पांढरा सदरा, पायांत पलटणीतल्यासारखे चकचकीत बूट. दारातच वीरधवल पाया पडला. "आजोबा, माझी फार मोठी चूक झाली."

"ऊठ गड्या. आदी दाव तर."

भिंतीसमोर ते हात मागं बांधून उभे राहिले. त्यांचा चेहरा यायला वेळ होता. तोवर दुसरे येत होते, आणि तात्याबा एकेकाला हाक मारल्यासारखे बोलत होते. "ह्यो आमचा जोतिबा. ह्यो आटपाडीच्या बाजाराला माझ्यासंगं यायचा. ह्यो लबाड हुता, पर गळा काय गोड!" आजूबाजूची माणसं कॉफी पीत पीत जवळ आली. तेवढ्यात भिंतीवर तात्याबांचा चेहरा उमटला आणि त्याच्या पायाशी खुद्द तात्याबा. लोकांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. कुणीतरी टाळी वाजवली, पण कुणी साथ दिली नाही, तशी ती तिथंच विरली.

ब्राह्मी म्हणाली, "तात्या, ते तुमचं चित्र हितनं काढून टाकतील. नोंद तेवढी ऱ्हाईल."

तात्याबा भिंतीकडंच बघत होते. भिंतीवर एक पूर्ण फेरी झाली. मग म्हणाले, "काढू नगंस. सगळी वळखीची मानसं हायत. पलटणीतबी मी फुडं जाऊन जागा धरायचो, मागनं बाकीची यायची. हितं ती आदी गेली, येवढाच फरक."

"आणि स्वर्गीय म्हटलंय ते?" वीरधवलनं विचारलं.

"ते आज खोटं हाय. उद्या खरं हुईल. तवा तुला परत लिवायचा तरास न्हाई."

वीरधवलला हसावं की रडावं कळेना. ब्राह्मीला मात्र त्या बोलण्यात वावगं काही दिसलं नाही. दुकानात रोज बसणाऱ्या माणसाला असली गोष्ट सरळच वाटते. एकच गोष्ट तिला नवी होती. चेहऱ्यांची फेरी संपताना भिंतीवर एक ओळ यायची, कोट : ब्राह्मी मगदूम, पलूस. बोर्डाच्या कोपऱ्यात ती आजवर दुकानाचा फोन नंबर घालत आली होती, नाव कधीच नाही. तिनं ती ओळ तीनदा येऊ दिली आणि मग बाहेर पडली.

जेवण झाल्यावर तात्याबा म्हणाले, "पाचगणी ऐकून हाय, बघितली न्हाई." म्हणून दोघं टेबललँडवर गेली. वारा अंगात शिरत होता. तात्याबांनी घोडेवाल्याशी काहीतरी बोलणं केलं आणि ब्राह्मी नको नको म्हणेपर्यंत धोतर सावरून घोड्यावर बसलेही. घोडेवाला लगाम धरून चालू लागला, तर त्याला म्हणाले, "सोड रं. मी काय नवरदेव हाय?"

घोडा दुडक्या चालीनं पठारावरून लांब गेला. पांढरा सदरा लहान लहान होत गेला. ब्राह्मी पिशवी पायाशी ठेवून, कानाला पदर बांधून, ते वळतात कधी याची वाट बघत उभी राहिली.