बिनबोटांचे हातमोजे

कुवेतमध्ये बसून लोकरीचे हातमोजे विणतेय म्हटल्यावर आई फोनवर एवढी हसली की तिला ठसका लागला. "अगं, तिकडं माणसं भाजून निघतात म्हणे, आणि तू लोकर घेऊन बसलीस?" तिला काय सांगू! बाहेर माणसं भाजतात हे खरंच, पण महबूल्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी कुडकुडत असते. अख्ख्या इमारतीला मिळून एकच एसी, आणि त्याचा ताबा हारिसकडे, म्हणजे आमच्या वॉचमनकडे. त्याला सांगून पाहिलं. तो हसून "ओके मॅडम" म्हणतो आणि गारठा तसाच राहतो. स्वतःच्या घरात थंडी किती असावी हेसुद्धा आपण ठरवायचं नाही.

कोल्हापुरात मी लॅबमध्ये नोकरीला होते. सकाळी स्कूटर काढली की संध्याकाळी घरी. मधे कुठे थांबले, कुणाकडे चहा घेतला, कुणाला सांगायची गरज नव्हती. इथे बायकोच्या व्हिसावर नोकरी नाही. हे उजाडायच्या आत गाडी घेऊन साइटवर जातात. टॅक्सीने एकटी जाऊ नकोस, असं यांचं म्हणणं. चालत जावं तर उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. आणि जायला निमित्त तरी काय? कोपऱ्यावरच्या बकाल्याला, म्हणजे वाण्याला, फोन केला की दूध, पाव, कोथिंबिरीची जुडीसुद्धा लिफ्टने वर येते. सगळे म्हणतात, किती सोय आहे! मला ती सोय डोळ्यांसमोर नको झाली होती.

म्हणून मी यांच्यामागे लागले होते. मला इथलं गाडी चालवायचं लायसन्स मिळतं का, तेवढी चौकशी करा. नियम कडक आहेत हे मलाही माहीत होतं. मिळणार नसेल तर तसं कळू दे, मी गप्प बसेन.

"बघू," हे म्हणाले. पुन्हा विचारलं तर, "अगं, मी आहे ना!"

दिवसभर घरात नसलेला माणूस म्हणतो, मी आहे ना!

तोवर करायचं काय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी विणायला बसले. लोकर एका शुक्रवारी फहाहीलच्या बाजारातून आणली होती. भाजी चिरायला, फोनवर फिरवायला बोटं मोकळी हवीत, म्हणून बिनबोटांचे. मनगटाला एक सुलट एक उलट असा घट्ट काठ, पुढे साधी वीण. अंगठ्यापाशी थोडे टाके दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि बोटं सुरू व्हायच्या आत वीण बंद करायची. हात चालू असला की डोकं जरा शांत राहायचं. जोड झाला आणि माझे तळवे पहिल्यांदा ऊबदार झाले. मला मनापासून बरं वाटलं.

ते सुख फार टिकलं नाही. उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरलं की चटका बसतो. यांनी एक दिवस सहज माझे हातमोजे घालून नेले आणि संध्याकाळी येऊन जाहीर केलं, "झकास! अजिबात पोळत नाही." आयत्या बिळावर नागोबा! मी भांडणारच होते, पण यांच्या तळव्यांवरचे आधीचे लाल चट्टे दिसले आणि हातमोजे यांच्याकडेच राहू दिले.

तेव्हापासून हातमोजे रोज बाहेर जायला लागले. साइटवर गेले, मीटिंगसाठी दस्मानला गेले, समुद्राकाठच्या रस्त्याने फिरून आले. मी खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत राहायची. लोकरीच्या चिंध्यांचा हेवा वाटावा, एवढी पाळी आली माझ्यावर.

परवा हे नेहमीपेक्षा लवकर आले. हातात भली मोठी पिशवी, चेहरा खुललेला. जेवण बाजूला ठेवून मला समोर बसवलं. वाटलं, लायसन्सची चौकशी केली यांनी.

पिशवीतून लोकरीचे गुंडे निघाले, सगळ्या रंगांचे.

"ऑफिसात सगळ्यांना हवेत. मी सांगून टाकलं, बायको करून देईल. तुझाही वेळ छान जाईल."

"लायसन्सचं विचारलंत?"

"कसलं? हां, ते... अगं, राहूनच गेलं. बघू." आणि गुंडे माझ्यापुढे सरकवत, अगदी प्रेमाने, "आधी हे बघ ना. कुठल्या रंगापासून सुरुवात करतेस?"

ओरडावंसं वाटलं. मला वेळ घालवायचा नाहीये, मला बाहेर जायचंय, असं खिडकीच्या बंद काचांपलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात. हे माझ्याकडे बघत होते, दमलेले, खूश, शाबासकीची वाट बघत.

"निळा," मी म्हणाले.