टबात सोडलेली पिल्लं

बदकाच्या पिल्लांना पहिले काही आठवडे पाण्यात सोडायचं नसतं, हे मला ती घरी येण्याआधीच माहीत होतं. महिनाभर मी तेवढंच वाचत होते. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लांना तिच्या पिसांचं तेल लागतं, म्हणून ती भिजत नाहीत. विकत आणलेली भिजतात, गारठतात.

विश्रांतवाडीतल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे चार पावलांचं अंगण आहे. तेवढ्या भरवशावर दोन पिल्लं आणली. खोक्यात भुसा घातला, वर उबेसाठी साठ वॅटचा पिवळा बल्ब टांगला. तो बुधवार पेठेत तिसऱ्या दुकानात मिळाला. "आता हे कोण वापरतं?" दुकानदारानं विचारलं. मी नुसतेच पैसे पुढे केले.

चौथ्या दिवशी, रविवारी, आत्या नातवंडांना घेऊन आली. खोक्यात डोकावून म्हणाली, "अगं, बदकं ना ही? की कोंबड्या म्हणून पाळणार आहेस? सोड पाण्यात."

"नको आत्या, ती अजून... त्यांच्या अंगाला तेल नसतं."

"तेल? भजी तळायचीत का?"

सगळे हसले. मीही हसले. ऑइल ग्लँड, वॉटरप्रूफिंग, सगळं डोक्यात इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत जुळवेपर्यंत आत्यानं कपड्यांचा टब भरलाही होता.

पिल्लं पोहली. फार सुंदर पोहली. मुलं व्हिडिओ काढत होती. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते, म्हणजे पुढे काय होणार ते मला नक्की ठाऊक होतं. तरी अर्धा तास नुसती उभी होते.

आत्या गेली तेव्हा त्यातलं लहान पिल्लू थरथरत होतं. ड्रायरनं वाळवलं, बल्बखाली धरून बसले. संध्याकाळी त्यानं मान टाकली.

"एवढं माहीत होतं तर ओरडायचं ना," आई म्हणाली.

उरलेलं एकटं हाका मारत राहिलं, म्हणून मी माझा छोटा आरसा खोक्यात ठेवला. त्याला टेकून ते झोपायला लागलं.

पुढच्या महिन्यात आत्या परत आली. "दुसरं कुठंय?"

"मांजरानं नेलं," आई पटकन म्हणाली.

आत्या माझ्याकडे वळली. "पाळायची हौस आहे, तर लक्ष नको का ठेवायला?"

"हो, आत्या," मी म्हणाले. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.