शेवटचं पान आधी वाचणाऱ्या काकू

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी एक काकू दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांना फक्त खेड्यात घडणाऱ्या रहस्यकथा लागतात. पुस्तक हातात आलं की चष्मा कपाळावर सरकवून आधी शेवटचं पान वाचतात, खुनी कोण ते बघतात आणि मगच पुस्तक घरी नेतात.

एकदा मला राहवलं नाही. “काकू, मग मजा काय उरली?”

“खुनी कोणाला हवाय गं! मला ते गाव हवं असतं. तिथे एखादीची खिडकी सकाळी उघडली नाही, तर दुपारपर्यंत अख्खं गाव तिच्या दाराशी. आमच्या टॉवरमध्ये कोण कोणाला विचारतंय?”

पुढे मी तापाने आडवी झाले आणि दोन शनिवार चुकले. तिसऱ्या शनिवारी काकूंनी मला टेबलाशीच गाठलं.

“आज आली नसतीस, तर घरी येऊन बेल वाजवणार होते.”

“पण माझं घर कुठे माहितीये तुम्हाला?”

“बी विंग, चौथा मजला. किल्ली इथे टाकून पुस्तकं चाळत बसतेस ना? तिच्या बिल्ल्यावर सगळं लिहिलंय, सोसायटीच्या नावासकट.”

मी घाईघाईने टेबलावरची किल्ली पर्समध्ये टाकली. मग बाहेर काढली आणि पुन्हा तिथेच ठेवली, बिल्ला वर करून.