मिलच्या तेलाचा डबा

मिल बंद झाली तेव्हापासून मी मारुतीला तेल घालणं सोडलं होतं. जन्मभर कापडमिलच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, फिटर होतो, दर शनिवारी कृष्णपुऱ्याच्या मारुतीला पळीभर तेल घालायचो, आणि फाटकाला कुलूप लागलं तेव्हा देव नुसता बघत उभा. मनात म्हटलं, आता तुझं-माझं जमणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण मशीन मला फसवत नाही, ही घमेंड मात्र पक्की होती.

अशात दरबारी घराण्यातल्या भाऊसाहेबांनी बोलावलं. त्यांची आई वारली होती. ज्या मोटारीतून ती नवरी होऊन आली, त्याच मोटारीतून तिच्या अस्थी ओंकारेश्वरला न्यायच्या होत्या. सोमवारी निघायचं, वाटेत सिमरोलच्या पुढे घाट, आणि ब्रेकचं पायडल खोल जात होतं. मी म्हटलं, दुरुस्त मी करतो आणि चालवतोही मीच.

पाहिलं तर ब्रेकचं तेल कमी. घरी मिलच्या शेवटच्या दिवशी आणलेला साच्यांच्या तेलाचा डबा होता. काचेसारखं स्वच्छ. बाजारचं तेल काय टिकणार त्याच्यापुढे? तेच भरलं. ब्रेक झकास लागला.

दोन दिवसांनी गाडी जवळच्या राऊ गावापर्यंत चालवून बघितली. जाताना ठीक, येताना गाडीला कुणी मागून धरल्यासारखं वाटलं. पायडल सोडलं तरी ब्रेक सुटेना. चाकाला हात लावला तर चटका बसला. ब्रेकचे पट्टे घासले, ढिले केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खोट सापडेना, जेवण जाईना, बसलो की उठायचो, उठलो की पुन्हा गाडीखाली. बायको म्हणाली, दुसऱ्या कुणाला दाखवा, तर मी तिच्यावरच भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "मिल तर गेली. आता हट्ट तरी जाऊ द्या."

मी सोडल्यापासून मारुतीला तेल तीच घालायची; त्या शनिवारी तिचे गुडघे धरले होते, म्हणून तिने तेलाची वाटी माझ्या हातात दिली. मी गेलो, पण तिचं तेल म्हणून, माझं नव्हे.

देवळाबाहेर रुईच्या माळा विकणारी एक म्हातारी होती, पूर्वी कधी न पाहिलेली. माळांच्या जुड्यांना सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर लावलेले. माझं लक्ष कुठे, वाटी कलली आणि थोडं तेल तिच्या टोपलीत सांडलं. ती करवादली, "अरे भिया, तेल दूर रखो. रबर फूल जाता है, फिर किसी काम का नहीं." आणि मागच्या शनिवारी तेल लागलेला एक रबर तिने माझ्या हातावर ठेवला. जाड, लुळा, भिजल्या चण्यासारखा फुगलेला.

मी तो रबर बघतच राहिलो. ब्रेकच्या आतही रबराचेच वायसर असतात. मीच त्यांना मिलचं तेल पाजलं होतं. ते फुगून अडकले, म्हणून ब्रेक सुटत नव्हता. घाटात तापून तापून तो ऐन उतारावर गेला असता, आणि गाडीत भाऊसाहेबांच्या आईच्या अस्थी घेऊन सगळं घर बसलेलं. मी मारुतीवर तेल ओतलं. मागायला काही सुचलंच नाही.

तिथून तडक भाऊसाहेबांकडे. ते पायी अंतर मला राऊपेक्षा लांब वाटलं. म्हटलं, "खोट गाडीत नाही, माझ्यात आहे. चुकीचं तेल मी घातलं. दुसरा मिस्त्री बघायचा तर बघा."

ते म्हणाले, "मिस्त्री तुम्हीच. रबरं कुठे मिळतील ते सांगा."

छावणीतल्या पार्टवाल्याकडे मिळाली. रविवारभर सगळे पाइप धुतले, एकूण एक रबर बदललं. सोमवारी घाटाच्या पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, गाडी थांबली. पाय उचलला आणि गाडी अलगद सुटली. मागे कुणीतरी नर्मदामाईचं नाव घेतलं. माझे डोळे भरले होते, पण रस्ता दिसत होता.

पुढच्या शनिवारी म्हातारीला शोधलं. बाकीच्या माळावाल्या म्हणाल्या, अशी कुणी इथे बसत नाही. गावाकडची असेल, एखादा दिवस आली असेल. मी जास्त विचारलं नाही. धरून ठेवणं मला आधीपासून येत होतं, मिल गेल्यावर राग तेवढा धरून बसलो होतो. सोडणं मात्र मी उतारवयात शिकलो, तेही एका फुगलेल्या रबराकडून.

डब्यात उरलेलं तेल आता दाराच्या बिजागऱ्यांना घालतो. मारुतीला तिळाचं नेतो, आणि वाटी माझी मीच भरतो.